पथकाची मंडळी

१९८१ सालच्या उन्हाळ्यात स्काउट मास्तरांच्या एका शिबिराला मी गेलो होतो. बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यात, बालाघाटाच्या माथ्यावरच्या एका खेड्यात मी तेव्हा मास्तरकी करीत होतो आणि नुकतेच चोवीस मुलांचे एक पथक उभे केले होते. शिबिरात एका राहुटीत आम्ही आठ शिक्षक होतो. त्यांत नगरकडचे एक ख्रिस्ती गृहस्थ होते. वयाने सर्वांत वडील, निवृत्तीला टेकलेले, बोलणे अगदी मोजके. पहिल्याच रात्री कंदिलाची वात कमी करता करता त्यांनी मला विचारले, "गुरुजी, तुमच्या पथकाची मंडळी कोणती?"

मी म्हणालो, "मंडळी सध्या माहेरी आहे. पहिलटकरीण आहे, म्हणून सासूबाईंनी ठेवून घेतली."

राहुटीत जो हशा उसळला तो शेजारच्या राहुटीतली माणसे जागी होईपर्यंत थांबला नाही. ते गृहस्थही हसले. पण हसू ओसरल्यावर त्यांनी प्रश्न सोडला नाही. आमच्याकडे मंडळी म्हणजे बायको, फार तर घरातली माणसे. त्यांच्याकडे मंडळी म्हणजे चर्चमध्ये उपासनेला जमणारी सगळी माणसे. इमारत नव्हे, माणसे. मराठी बायबलात हाच शब्द त्या अर्थाने आहे. त्यांना विचारावयाचे होते ते एवढेच की, तुमचे पथक कोणाच्या पदरात आहे?

मी म्हणालो, "शाळेच्या."

"शाळा म्हणजे कोण?" त्यांनी विचारले. "तुम्ही उद्या नसलात, तर शिट्टी कोण वाजवील?"

मला उत्तर सुचले नाही. त्या वयात असे प्रश्न माणूस कुशीवर वळून टाळतो. मीही तेच केले.

उत्तर तीन वर्षांनी मिळाले. माझी बदली झाली. निघताना मी शाळेच्या कपाटात सगळे नीट लावून ठेवले होते: पथकाचा ध्वज, दोरांची भेंडोळी, प्रथमोपचाराची पेटी, मुलांच्या प्रगतीची वही. 'खरी कमाई'च्या आठवड्यात मुलांनी मिळवलेले रुपयेही हिशेबासह मुख्याध्यापकांच्या हाती दिले होते. काही वर्षांनी एका लग्नाच्या निमित्ताने त्या गावी गेलो, तेव्हा शाळेत डोकावलो. कपाट होते. ध्वजाला कसर लागली होती. दोर कोणीतरी विहिरीसाठी नेले होते, त्याचे मला वाईट वाटले नाही. दोर कामाला आला एवढे तरी झाले. वहीत मी गेलो त्या महिन्यानंतर एकही ओळ नव्हती. त्याच हिवाळ्यात एका साखर कारखान्याच्या रस्त्यावर उसाच्या बैलगाडीवर बसलेला एक तरुण मला पाहून खाली उतरला. माझ्या पथकातला संघनायक. पाया पडला, ख्यालीखुशाली झाली, आणि जाता जाता म्हणाला, "गुरुजी, तुमच्यानंतर शिट्टी कोणी वाजवलीच नाही."

तो तक्रार करीत नव्हता. जे झाले ते सांगत होता. परंतु त्या एका वाक्याने राहुटीतला प्रश्न पुन्हा उभा राहिला, आणि नंतर सवड मिळेल तसा मी या चळवळीचा इतिहास वाचीत गेलो. शोध एकाच गोष्टीचा होता: जिथे पथके दोन दोन, तीन तीन पिढ्या टिकली, तिथे त्यांना कोणी धरून ठेवले होते?

या शोधात माणूस बेडन-पॉवेलांपाशी पोहोचतो असे आपल्याला वाटते. परंतु खरी सुरुवात त्यांच्याही मागे आहे. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात विल्यम अलेक्झांडर स्मिथ नावाचा एक तरुण व्यापारी होता. आठवडाभर पेढी, फावल्या वेळी स्वयंसेवक पलटणीत अधिकारी, आणि रविवारी फ्री चर्चच्या मिशनमध्ये मुलांचा शिक्षक. या तीन कामांपैकी तिसरे त्याला सर्वांत जड जात होते. बारा वर्षांच्या पुढचा मुलगा रविवारच्या शाळेत रमेना. धाकट्यांत बसावयाची त्याला लाज वाटे, थोरांत त्याला कोणी घेत नसे. मधल्या चारपाच वर्षांत तो रस्त्यावर जाई आणि बहुधा परत येत नसे. ज्याने सातवीच्या वर्गावर एक वर्ष काढले आहे, त्या कोणाही मास्तराला हे दुखणे सांगावे लागणार नाही.

स्मिथने पाहिले की हीच पोरे पलटणीची कवायत बघायला तासन्‌तास उभी राहतात. ४ ऑक्टोबर १८८३ रोजी त्याने मिशनच्या त्याच दालनात 'बॉइज ब्रिगेड' सुरू केली. टोपी, कमरेचा पट्टा आणि खांद्यावर झोळी, एवढाच गणवेश. कवायत, व्यायाम, पुढे बँड; १८८६ पासून उन्हाळ्यात समुद्रकाठी शिबिर. खूण म्हणून नांगर घेतला. आपल्याकडे नांगर म्हटला की शेतातला डोळ्यांपुढे येतो. हा जहाजाचा नांगर, वादळात जागा न सोडणारा. मुलगा ब्रिगेडमध्ये यावयाचा तर रविवारच्या शाळेशी त्याचा संबंध असलाच पाहिजे, अशी अट होती. आणि कोणतीही तुकडी एखाद्या मंडळीशी जोडलेली असलीच पाहिजे, ही त्याहून मोठी अट. मोकळ्या तुकडीला जागा नव्हती.

ही कल्पना इतकी लागू पडली की प्रत्येक पंथाने आपापल्या घरी तिची प्रत काढली. १८९१ मध्ये इंग्लंडच्या अँग्लिकनांची चर्च लॅड्स ब्रिगेड, १८९५ मध्ये यहुद्यांची जुइश लॅड्स ब्रिगेड, १८९६ मध्ये कॅथलिकांची ब्रिगेड. उपासना निरनिराळ्या, परंतु मधल्या वयातल्या पोराची काळजी एकच.

इथे आमच्या मुलखाचा एक धागा सांगून टाकतो. ज्या फ्री चर्चच्या मिशनमध्ये हे घडले, त्याच फ्री चर्चची माणसे मुंबईत आणि मराठवाड्यातही काम करीत होती. विल्सन कॉलेजचे डॉ. जॉन विल्सन त्यांतलेच. आणि बीडच्या शेजारी, जालन्याजवळ, रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निजाम सरकारकडून जमीन मिळवून 'बेथेल' नावाचे गाव वसवले, ते याच चर्चच्या आश्रयाने. धर्मांतर करणाऱ्याला गावकी तुटत असे. तेव्हा त्याला आधी एक गाव द्यावे लागते, हे शेषाद्रींनी ओळखले होते. मंडळी म्हणजे उपासनेपुरता जमाव नव्हे, तर अडल्यानडल्याला धरणारे गणगोत, ही समज त्या वसाहतीमागे होती. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचली आहेत, त्यांना ही समज वेगळ्या वाटेने ओळखीची असेल. त्या घरात पोटच्या लेकरांबरोबर किती परकी लेकरे जेवून उठली!

आता बेडन-पॉवेल. हा माणूस एका धर्मोपदेशकाचा मुलगा. वडील रेव्हरंड बेडन पॉवेल ऑक्सफर्डला भूमितीचे प्राध्यापकही होते. मुलगा तीन वर्षांचा असताना ते १८६० मध्ये वारले. पुढे हा पोरगा घोडदळात शिरला आणि १८७६ मध्ये लखनौला आला. त्याची उमेदीची कितीतरी वर्षे हिंदुस्थानात गेली. सैनिकांना टेहळणी शिकवण्यासाठी त्याने लिहिलेले 'एड्स टू स्काउटिंग' हे पुस्तक १८९९ मध्ये निघाले. पुढे आफ्रिकेतल्या मेफकिंगच्या वेढ्यामुळे त्याचे नाव घरोघर झाले आणि हे सैनिकी पुस्तक शाळकरी पोरेही वाचू लागली. १९०४ मध्ये ग्लासगोला बॉइज ब्रिगेडच्या हजारो मुलांची कवायत त्याने पाहिली. तेव्हा स्मिथनेच त्याला सुचवले की हे पुस्तक मुलांसाठी पुन्हा लिहा.

१९०७ च्या ऑगस्टमध्ये ब्राउन्सी बेटावर जे पहिले प्रायोगिक शिबिर झाले, त्यात वीसेक मुले होती. काही बड्या घरची, मोठ्या शाळांतली. आणि काही पूल व बोर्नमथ या गावांतल्या बॉइज ब्रिगेडच्या तुकड्यांमधली. म्हणजे स्काउट चळवळीच्या पहिल्या शेकोटीभोवती मंडळीची पोरे बसलेली होती.

१९०८ मध्ये 'स्काउटिंग फॉर बॉइज' पंधरवड्यापंधरवड्याला एक अशा भागांनी निघाले. लेखकाची अपेक्षा अशी की असलेल्या संस्थांनी ते वापरावे. झाले उलटेच. मुलांनी पुस्तक विकत घेतले, काठ्या तोडल्या आणि स्वतःच टोळ्या बांधल्या. १९०९ च्या सप्टेंबरात लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला मेळावा भरला, तेव्हा अकरा हजारांच्या आसपास मुले जमली, आणि न बोलावलेल्या मुलीही आल्या. आता या पोरांना थोर माणूस हवा, पावसाळी संध्याकाळी डोके झाकायला छप्पर हवे, सामान ठेवायला कपाट हवे. ही तिन्ही एका जागी होती ती गावच्या चर्चच्या सभागृहात. तरुण धर्मोपदेशक स्काउट मास्तर झाले. मंडळीतल्या बायांनी तंबूंसाठी पैसा उभा केला. आणि महिन्यातून एका रविवारी पथक ध्वज घेऊन उपासनेला जाऊ लागले. पथक मंडळीचे असले, तर स्काउट मास्तर कोण असावा याविषयी मंडळीचा शब्द चाले. ध्वज जुना झाला म्हणजे तो फेकून न देता चर्चच्या भिंतीवर लावावयाची रीत पडली. त्या भिंतीवरचा विटलेला ध्वज पाहून नातवाला कळे की आजोबाही याच पथकात होते.

बेडन-पॉवेलांनी मात्र एक पथ्य पाळले. वचनात ईश्वराविषयीचे कर्तव्य ठेवले, पण कोणता ईश्वर ते सांगितले नाही. निरनिराळ्या पंथांची मुले एकत्र असली म्हणजे मोकळ्या मैदानात साधी प्रार्थना करावी, कोणावर कोणाची उपासना लादू नये. तिला त्यांनी स्काउटांची स्वतःची प्रार्थना म्हटले. घर मंडळीचे, पण दार बंद नाही, असा तो तोल होता. तो सर्वत्र सांभाळला गेला असे नाही. परंतु जिथे सांभाळला गेला, तिथे पथक टिकले.

हे नाते किती खोल गेले होते, हे कळावयाचे तर १९१२ सालचा एक प्रसंग पाहावा लागेल. लंडनच्या वॉलवर्थ या गरीब वस्तीतले स्काउट सुट्टीत नावेने शेपी बेटाकडे शिबिराला निघाले होते. ४ ऑगस्ट रोजी लेसडाउनच्या किनाऱ्याजवळ अचानक झोडपणारा वारा सुटला, नाव उलटली आणि नऊ मुले बुडाली. त्यांतली आठ पथकातली, एक प्रशिक्षण जहाजावरचा पोर. मृतदेह आणावयाला नौदलाने युद्धनौका दिली. वॉलवर्थच्या चर्चमध्ये शवपेट्या ठेवल्या होत्या, आणि त्या अरुंद गल्ल्यांतून हजारो माणसे दर्शनाला रांगेने सरकत होती. मोलमजुरी करणाऱ्यांची ही पोरे. पण त्यांच्यासाठी सारी वस्ती रडली. मला या प्रसंगात दुसरी एक गोष्ट दिसते. ज्या दालनात ही मुले आठवड्याला गाठी मारायला जमत, त्याच वस्तीला त्यांचे प्रेत खांद्यावर घ्यावे लागले. पथक पदरात घेणे म्हणजे काय, याचा अर्थ त्या दिवशी तिथल्या माणसांना कळला असेल.

आपल्याकडे ही चळवळ आली ती निराळ्या दाराने. १९०९ मध्ये कॅप्टन बेकर यांनी बंगलोरला पहिले पथक काढले. पाठोपाठ १९१०-११ च्या सुमारास खडकी, लोणावळा, जबलपूर, सिमला, मद्रास इथे पथके निघाली. खडकी पलटणीची, लोणावळा रेल्वेचे; नावे वाचूनच कळते की ही पथके कोणासाठी होती. युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांनाच त्यांत प्रवेश होता. हिंदी पोराला दोरीची गाठ आणि नकाशा शिकवला तर उद्या तो कोणावर टेहळणी करील, याची सरकारला धास्ती होती. तेव्हा खडकीच्या मैदानावर पथकाची शिट्टी वाजत असताना कुंपणाबाहेरून पाहणारी मराठी पोरे होतीच, असे मानावयाला हरकत नाही.

मग आपल्या माणसांनी आपली वाट काढली. १९१३ मध्ये शहाजहानपूरला श्रीराम बाजपेयींनी हिंदी मुलांचे पथक उभारले. मद्रासेत अ‍ॅनी बेझंट आणि अरुंडेल यांनी १९१६-१७ मध्ये हिंदी मुलांसाठी स्वतंत्र संघटना काढली आणि मुलांच्या डोक्यावर इंग्रजी टोपीऐवजी फेटा दिला. १९१८ मध्ये अलाहाबादेत पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि बाजपेयी यांनी सेवा समिती स्काउट संघटना स्थापली. या शेवटच्या नावावर मी पुष्कळ वेळ थांबलो. सेवा समिती म्हणजे कोण? मेळ्यात, यात्रेत हरवलेल्यांना घरी पोहोचवणारी, तहानलेल्यांना पाणी देणारी, संकटात धावणारी माणसे. म्हणजे ग्लासगोला जे चर्चने केले, ते प्रयागला सेवेच्या मंडळीने केले, आणि मद्रासेत थिऑसफीच्या मंडळीने. हिंदी स्काउट जन्मला तेव्हा तो पोरका नव्हता.

१९२१ मध्ये बेडन-पॉवेल येथे आले, दार उघडले, बेझंटबाईंची संघटना मूळ संघटनेत मिळाली. मालवीयांची बाहेर राहिली, कारण राजनिष्ठेच्या शपथेवर त्यांचे मन बसेना. १९३७ मध्ये बेडन-पॉवेलांनी हिंदी लोकांच्या चारित्र्याविषयी जे उद्गार काढले त्यांनी पुन्हा दुही झाली, आणि १९३८ मध्ये हिंदुस्थान स्काउट संघटना निघाली. स्वातंत्र्यानंतर कुंझरू, मंगलदास पक्वासा आणि नागपूरचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांच्या खटपटीने ७ नोव्हेंबर १९५० रोजी एक 'भारत स्काउट्स आणि गाइड्स' झाले; १९५१ च्या १५ ऑगस्टला मुलींची संघटनाही त्यात आली.

हे ऐक्य उत्तम झाले. सर्वधर्मप्रार्थना आली, राजाची शपथ गेली, गावोगावच्या शाळांतून कब, बुलबुल, स्काउट, गाइड उभे राहिले. माझ्यासारख्या बालाघाटावरच्या मास्तराला गळ्यात स्कार्फ घालता आला तो यामुळेच. परंतु या शाळेच्या सोयीत एक गोष्ट मागे पडली. पथक शाळेचे झाले, आणि शाळा हजेरीपटाची. मास्तर बदलला की पथक बदलले, मुलगा दहावी झाला की नाते संपले. चर्चच्या भिंतीवर जो ध्वज राहतो, तो आमच्याकडे कपाटात राहतो. आणि कपाटाला किल्ली असते, आठवण नसते.

इथवर वाचून कोणास वाटेल की मी मंडळीच्या नात्याची आरतीच ओवाळीत आहे. तसे नाही. या नात्याची दुसरी बाजू अमेरिकेत दिसली, आणि ती सांगितल्यावाचून हा लेख खोटा होईल.

अमेरिकेत ही चळवळ १९१० मध्ये नोंदली गेली. तिथे व्यवस्थाच अशी झाली की प्रत्येक पथक कोणत्या तरी संस्थेच्या सनदेखाली चालावे, आणि त्या संस्थांत चर्चच पुष्कळ. मॉर्मन चर्चने १९१३ मध्ये ही चळवळ आपली म्हणून उचलली आणि शंभरांहून अधिक वर्षे चालवली; २०१९ च्या अखेरीस ते बाहेर पडले, तेव्हा त्यांच्याबरोबर चार लाखांहून अधिक मुले गेली. पुढच्याच फेब्रुवारीत अमेरिकेच्या स्काउट संघटनेने दिवाळखोरीचा अर्ज केला. कारण पैशाचे नव्हते, पापाचे होते. मागल्या कित्येक दशकांत पथकांतल्या थोरांनी मुलांवर अत्याचार केल्याचे ब्याऐंशी हजारांहून अधिक दावे पुढे आले. भरपाईचा आकडा सुमारे अडीच अब्ज डॉलरांपर्यंत गेला. एकट्या युनायटेड मेथॉडिस्ट चर्चने तीन कोटी डॉलर देण्याचे कबूल केले.

तेव्हा गावोगावच्या मंडळींना आपल्या सनदेवरच्या सहीचा अर्थ नव्याने कळला. कित्येकांची समजूत होती की आपण फक्त दालन देतो, मंगळवारी दिवे लावतो आणि वर्षातून एकदा मुलांना बाकांवर पुढे बसवतो. कागदावर मात्र लिहिलेले होते की पथक तुमचे, आणि त्याचा नायक निवडण्याची जबाबदारी तुमची. पुष्कळ मेथॉडिस्ट मंडळींनी त्यानंतर करार बदलले. काहींनी नुसती जागा वापरायला देण्याचाच करार ठेवला. पथकांतून दोन प्रौढ हजर असल्यावाचून मुलांचा कार्यक्रम नाही, हा नियम पूर्वीच आला होता. आता तो काटेकोर झाला. आपल्याकडे मुलांच्या संरक्षणाचा कायदा २०१२ मध्ये झाला. परंतु कायदा अपराधानंतर येतो. डोळा आधी असावा लागतो.

जागा देणे निराळे आणि पदरात घेणे निराळे. या सगळ्या इतिहासातून मी उचलले ते एवढेच. वॉलवर्थच्या वस्तीने पोरांना पदरात घेतले होते, म्हणून तिला त्यांचे मरण सोसावे लागले. अमेरिकेतल्या कित्येक मंडळींनी जागा दिली आणि डोळे मिटले, म्हणून त्यांच्या छपराखाली पोरांना जे सोसावे लागले ते कोणी पाहिले नाही. मंडळी असणे पुरत नाही. मंडळीने पाहावे लागते.

आता पुन्हा आमच्या बालाघाटाकडे येतो. माझी पोरे शाळेच्या मैदानात रांग लावताना एकमेकांना ढकलीत, शिस्त म्हणून काही मनावर घेत नसत. हीच पोरे हरिनाम सप्ताहात पंगतीला वाढावयास उभी राहिली की ओळखू येत नसत. बुंदीचे ताट घेऊन धावणारा पोरगा म्हाताऱ्यापाशी थांबे, पाणी विचारी, पान वाढल्याशिवाय पुढे सरकत नसे. तेव्हा मला याचे नवल वाटे. आज वाटत नाही. शाळेच्या मैदानात त्याला मी एकटा पाहत होतो. पंगतीत त्याला गाव पाहत होते, आजी पाहत होती, टाळकरी पाहत होते. मारुतीच्या देवळाशेजारी तालीम का असते, याचेही कारण मला वाटते हेच असावे. जोर काढणाऱ्याला देवाचा आधार असेल, पण पारावर बसलेल्या माणसांचा डोळा त्याहून जवळ असतो.

आणि आमच्या जिल्ह्याइतकी या डोळ्याची गरज कोणाला असेल? दसरा झाला की गावे रिकामी होऊ लागतात. मुकादमाची उचल घेतलेली नवराबायको, म्हणजे एक कोयता, पश्चिमेच्या कारखान्यांकडे निघते ती पाडव्याच्या आसपास परत येते. लेकरे एकतर बरोबर जातात आणि शाळा सुटते, नाहीतर आजीपाशी राहतात. अशा मुलांची शाळा बुडू नये म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना निघाली, तिचा उपयोगही झाला. परंतु जेवणाचे ताट आणि मधल्या वयातल्या पोरावर लक्ष, या दोन गोष्टी एका योजनेत बसत नाहीत. शिबिरांचा हंगाम हिवाळ्याचा, आणि नेमके तेव्हाच माझे अर्धे पथक उसाच्या फडात असे. त्यातला एक तर संघनायक होता. त्याची गोष्ट वर सांगितलीच आहे.

गेल्या वर्षी त्या शाळेत एक तरुण शिक्षिका आल्या आणि त्यांनी पथक पुन्हा उभे केले. या वेळी मुलामुलींचे. मला उद्घाटनाला बोलावले होते. नारळ फुटला, भाषणे झाली. नंतर चहा घेताना मी त्यांना विचारले, "बाई, तुमच्या पथकाची मंडळी कोणती?" त्या गोंधळल्या, त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की म्हातारा जरा चळला असावा. मग मी त्यांना राहुटीतली सगळी हकीकत सांगितली.

बाई माझ्यापेक्षा शहाण्या निघाल्या. मी कुशीवर वळलो होतो. त्यांनी वही काढली. भजनी मंडळाचे अध्यक्ष, एक निवृत्त फौजी, अंगणवाडीच्या ताई, ज्यांच्यापाशी नातवंडे राहतात अशा दोन आज्या, अशी पाच नावे त्यांनी लिहिली. दर शनिवारी या पाचांपैकी दोघांनी तरी मैदानावर हजर राहावयाचे. कपाटाच्या दोन किल्ल्या करावयाच्या, एक गावात ठेवावयाची. उद्या बाईंची बदली झाली तर नव्या मास्तरांच्या हाती वही या पाचांनी द्यावयाची. पाचांत एक जण मुसलमान आहे, एक बौद्ध आहे. हे मी मुद्दाम विचारले नाही, नावांवरून कळले.

दसऱ्यानंतर पथकातली अकरा मुले आजीपाशी राहिली. पुढच्या शनिवारी मी गेलो, तेव्हा त्या दोघींपैकी एक आजी मैदानाच्या कडेला पोत्यावर बसून शेंगा फोडीत होती. तिला स्काउट म्हणजे काय हे ठाऊक नव्हते, आणि गाठी कशाला मारतात हेही तिने मला विचारले. पण कोण आले नाही, ते तिने बाईंच्या आधी सांगितले.